मल्लेशअप्पांचा स्पंज

“गडू नको, गडू नको! पलास्टिकचा मग घे, राजे!”

मल्लेशअप्पा स्टुलावरून ओरडले तेव्हा तांब्याचा गडू माझ्या हातात होता आणि हात टाकीच्या वर होता. मी दचकून गडू सोडूनच दिला. नशीब, तो टाकीत न पडता फरशीवर आपटला आणि घरंगळत सिद्धम्माकाकूंच्या पायाशी जाऊन थांबला. काकूंना दिसत नाही. त्यांनी पायानंच चाचपून विचारलं, “काय पडलं गं?”

“मी पडले!”

“तू पडलीस तर एवढुसा आवाज यील व्हय? पत्रे हालतेल गल्लीतले.”

अप्पांना हसायला वेळ नव्हता. लाईट जाऊन तीन तास झाले होते, इन्व्हर्टरची बॅटरी बसली होती आणि टाकीतले पंप बंद होते. अशा वेळी एकच काम करायचं असतं. मगानं टाकीतलं पाणी काढायचं आणि हातभर उंचीवरून परत टाकीतच धार धरायची, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. पण मग प्लास्टिकचाच हवा. तांब्याचा अंश पाण्यात उतरला तर मासे एकवेळ तगतील, बाकीचं काही वाचत नाही. अप्पा दमले की मी आणि मी दमले की अप्पा, असं आम्ही पाऊण तास केलं. मी आळीपाळीनं दोन हात वापरले आणि तोंड सलग वापरलं. शेवटी पंप घरघरला, तेव्हा अप्पांनी टाकीच्या काचेला कपाळ टेकवलं आणि आत बघून म्हणाले, “हाय. खुलाच हाय.”

ते माशांबद्दल बोलत नव्हते. टाकीत दोन केशरी-पांढरे मासे होते, लाल मिशांची एक कोळंबी होती, चार गोगलगायी होत्या. अप्पा बोलत होते ते मागच्या दगडाच्या सावलीत बसलेल्या लिंबाएवढ्या गोळ्याबद्दल. पिकलेल्या लिंबावर कुणी शेंदूर चोळावा तसा रंग, अंगभर बारीक पुटकुळ्या आणि वर एक छोटं, उघडं भोक. तो आमच्या सेलूतला एकमेव जिवंत स्पंज होता. परभणी जिल्ह्यातला म्हटलं तरी कुणी मला खोटं पाडणार नाही.

आम्ही अप्पांचे भाडेकरू. शेती बोरीला, वडील तिकडंच. मी आणि आई माझ्या शिक्षणासाठी सेलूत, अप्पांच्या वरच्या खोलीत. खाली अप्पा आणि काकू. अप्पा आमच्याच ज्युनिअर कॉलेजात लॅबमध्ये शिपाई होते. कागदावर ‘प्रयोगशाळा परिचर’, पण सगळे शिपाईच म्हणायचे. एकतीस वर्षं त्यांनी परीक्षानळ्या विसळल्या, बेडकांच्या बरण्यांत औषध भरलं आणि कपाटं पुसली. त्या कपाटात एका बरणीत स्पंज होता, वाळक्या गिलक्याच्या रंगाचा. दरवर्षी सर तो वर धरून ‘हा प्राणी आहे’ म्हणायचे आणि दरवर्षी पोरं हसायची.

“मीबी हासायचो,” अप्पांनी मला सांगितलं होतं. “म्हणलं, ह्यो कसला प्राणी? मग एकदा सहलीसंगं मालवणला गेलतो. ओहोटीला खडकात पाण्याचं डबकं होतं. त्यात असला केशरी गोळा. सर म्हणले, मल्लेश, तुमच्या बरणीतला तो हाच. मी बसूनच राह्यलो बग तितं. तीस वर्सं फडकं मारलं मी त्याच्यावर, आन् जिवंतपणी तो कसा दिसतो ते मलाच म्हाईत न्हाई.”

निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात. अप्पांनी समोरच्या खोलीत काचेची टाकी मांडली. तीही अगदी मधोमध, कारण खिडकीजवळ ऊन लागतं आणि भिंतीला कूलरचे शिंतोडे. समुद्राचं मीठ पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या गाडीत यायचं, जारच्या पाण्यात ते मोजून कालवायचं, दुर्बिणीसारख्या नळीतून त्याचा खारटपणा बघायचा. सगळं ते एका शाळेच्या वहीतून आणि मोबाईलवरून शिकले. गंमत म्हणजे स्पंज त्यांनी विकत घेतलाच नव्हता. कुठून तरी मागवलेल्या समुद्री दगडाच्या खळगीत मोहरीएवढा केशरी ठिपका होता. तो वाढत गेला. नऊ वर्षांत मोहरीचं लिंबू झालं.

“डोळे न्हाईत, तोंड न्हाई, काळीज न्हाई,” अप्पा पाहुण्यांना सांगायचे. “एका जागी बसून नुसतं पाणी आत घ्यायचं आन् बाहेर सोडायचं. त्यातलंच कायबाय गाळून खातो.”

“मला आपलं वाटलं तुमच्या भावाचं सांगायलेत,” काकू आतून म्हणायच्या.

त्याला भरवायला अप्पा खिडकीत बाटल्यांतून हिरवं पाणी वाढवायचे आणि बिनसुईच्या सिरिंजनं ते स्पंजाच्या बाजूला हळूच सोडायचे. आणि सगळ्यांत मोठा नियम, जो मला पहिल्याच दिवशी सांगितला गेला होता: त्याला हवा लागू द्यायची नाही. जागा बदलायची तर पाण्यातल्या पाण्यात. पाणी बदलायचं तर तो बुडालेला राहील एवढं ठेवून. त्याचं सगळं अंग म्हणजे भोकंच. बाहेर काढला की भोकांतलं पाणी निथळतं आणि तिथं हवा शिरते. परत बुडवला तरी ती आतून निघत नाही, आणि जिथं हवा अडकली तिथून तो कुजायला लागतो. तो कुजला की टाकीच कुजते. नऊ वर्षांत अप्पांनी त्याला एक क्षणही पाण्याबाहेर काढलं नव्हतं. कुणाला टाकीत हातही घालू दिला नव्हता. बायकोलासुद्धा.

काकूंचे डोळे साखरेनं गेले त्याला तीन वर्षं झाली होती. म्हणजे मोहरीपासून सुपारीपर्यंतचा स्पंज त्यांनी पाहिलेला होता. पण तेव्हा, त्या स्वतःच म्हणायच्या, नीट लक्ष देऊन पाहिलाच नव्हता. “घरात असतंय म्हणून बघितलं न्हाई बग. काय जायलंय कुठं, म्हणलं.”

डोळ्यांनंतर मूत्रपिंडं गेली. मग मंगळवारी आणि शुक्रवारी दोघं सकाळच्या गाडीनं परभणीला जायचे, रक्त धुऊन संध्याकाळी परतायचे. “घरात दोघांला फिल्टर लागायला आता,” काकू म्हणायच्या. “एक त्याला, एक मला. त्याचा घरीच हाय, माजा परभणीला.” शेवटी हैदराबादहून मुलगा राजशेखर आला आणि म्हणाला, बस झालं. माझ्या घरापासून दवाखाना पाच मिनिटांवर आहे. रविवारी गाडी घेऊन येतो, दोघांनी चलायचं. टाकी तिथं नेता येणार नव्हती. अडीच खोल्यांचा फ्लॅट आणि चारशे किलोमीटर रस्ता.

अप्पांनी वाद घातला नाही. ते कॉलेजात गेले. जीवशास्त्राच्या नीलम मॅडम नवीन आणि उत्साही होत्या. त्यांनी प्राचार्यांकडून परवानगी काढली. लॅबच्या कोपऱ्यात टेबल रिकामं झालं, तिथं इन्व्हर्टरची वायर आली आणि शनिवारी टाकी हलवायचं ठरलं. रोजचं बघणं माझ्याकडं. अप्पांनी मला नवी वही करून दिली. एवढंच करायचं राहिलं होतं: जायच्या आधी स्पंज जिवंत कॉलेजच्या हवाली करायचा. ज्या कपाटात मेलेला होता त्याच्या शेजारी जिवंत. अप्पा हे वाक्य स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणायचे. मला ते इतकं आवडलं होतं की मी त्यावर भाषणाचा मसुदासुद्धा केला होता.

भाषणाचं सांगायचं तर, त्या जानेवारीत मी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. तोवर वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज फुटत नसे. पण ढाल हातात आली आणि मला समजलं की मी बोलले की लोक ऐकतात. मग मी थांबलेच नाही. भाजीवाल्याला पटव, आईला पटव, बसच्या कंडक्टरला पटव. पटतही होतं, हेच वाईट झालं.

जायच्या आधीच्या रविवारी दुपारी मी अप्पांना टाकीची काच पुसायला मदत करत होते. काकू सोफ्यावर बसल्या होत्या.

“आता केवढं झालंय हो ते?” त्यांनी विचारलं.

“लिंबाएवढं.”

“गावरान का मोठं?”

“मधलं.”

“मऊ असंल का टणक?”

अप्पांनी काचेतून आत बघितलं. त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. मी लगेच म्हटलं, “काकू, हात लावून बघा ना!”

“न्हाई,” अप्पा म्हणाले.

“अहो अप्पा, पाण्यातल्या पाण्यात! बाहेर थोडाच काढायचाय? हात धुवायचा, साबण न लावता. तुम्ही खाली दोन्ही हात धरा, काकूंचा हात पाण्यात, तुम्ही त्यात ठेवायचा, त्यांनी बघायचं, तुम्ही परत घ्यायचा. एक मिनिट! शनिवारी तो जाणार. मग काकू कधी बघणार? अख्ख्या कॉलेजला दाखवणार तुम्ही, आणि नऊ वर्षं ज्यांच्या घरात राहिला त्यांना नाही?”

हे शेवटचं वाक्य मी टेबलावर हात आपटून म्हणायचं असतं तसं म्हटलं. अप्पांचा चेहरा बदलला.

“राहू द्या,” काकू म्हणाल्या. “खामखा कशाला. काय झालं-बिलं तर लेकरावानी जपलंय तुमी.”

त्यांनी ‘राहू द्या’ म्हटलं म्हणूनच अप्पांना ‘राहू दे’ म्हणवेना. ते उठले. त्यांनी काकूंचा हात जारच्या पाण्यानं कोपरापर्यंत धुतला, दोनदा. बांगड्या वर सारून दोरीनं बांधल्या. मग त्यांना टाकीशी उभं करून हात पाण्यात उतरवला. टाकीचे काठ काकूंच्या छातीला लागत होते.

“डावा घातला मी,” काकू म्हणाल्या. “चालंल का?”

“चालंल.”

इथं एक सांगायला हवं. काकूंच्या गळ्यात चांदीच्या करडगीत, म्हणजे छोट्या डबीत, इष्टलिंग असतं. लिंगायतांत ते लहानपणापासून अंगावर असतं. रोज सकाळी अंघोळ झाली की त्या कपाळाला विभूती लावतात, लिंग डाव्या तळहातावर घेतात, त्यावर पाणी घालतात, बेलाचं पान ठेवतात आणि मग तो हात सावकाश वर, डोळ्यांच्या समोर नेऊन त्याच्याकडे एकटक बघतात. नजर गेली तरी हात तेवढाच वर जायचा, आणि काकू तशाच बघत बसायच्या. त्या वेळी घरात कुणी बोलायचं नाही. मी एकदा दूध मागायला गेले होते तर अप्पांनी तोंडावर बोट ठेवून मला दारातच थांबवलं होतं. “तळहातावर लिंग असताना हाक मारायची न्हाई,” ते नंतर म्हणाले होते. “कुणीच न्हाई. घर जळायलं तरी.”

तर अप्पांनी दोन्ही हात पाण्यात घातले, मागच्या सावलीतून स्पंज त्याच्या चपट्या दगडासकट उचलला आणि पाण्यातूनच हळूहळू आणून काकूंच्या डाव्या तळहातावर ठेवला. काकूंची बोटं मिटली. उजव्या हाताचं एक बोट त्यांनी पाण्यात घालून त्याच्यावरून फिरवलं.

“अगं बया,” त्या म्हणाल्या. “काटे हायेत. पण मऊ काटे.”

आणि हात वर आला.

त्यांनी उचलला असं मी म्हणणार नाही. साठ वर्षं त्या तळहातावर काही गोल, थंड, ओलं आलं की तो वर जात होता, तसा गेला. पाणी निथळलं. कोपरातून धार लागली. हात डोळ्यांसमोर जाऊन थांबला, आणि काकू आपल्या बंद झालेल्या डोळ्यांनी त्या केशरी गोळ्याकडे बघू लागल्या. ओठ हलत होते.

मी “अप्...” एवढंच म्हटलं. अप्पांनी माझ्याकडे न बघता ओला हात आडवा केला. गप्प.

त्यांचा दुसरा हात काकूंच्या हाताखाली होता, जेमतेम वीतभर खाली. नुसतं मनगट धरून खाली दाबायचं होतं. एक शब्द बोलायचा होता. स्पंजाच्या भोकांतून पाण्याचे थेंब सुटत होते, मग बारीक झाले, मग थांबले. फिरता पंखा आमच्याकडून काकूंकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. पाच वेळा. मी मोजलं, कारण दुसरं काहीच करता येत नव्हतं.

मग काकूंचा हात आपणहून खाली आला आणि पाण्यात गेला. बुडबुड्यांची एक माळ वर आली.

“बघितलंस?” अप्पांनी विचारलं.

“बघितलं,” काकू म्हणाल्या. डोळे गेल्यापासून असं नुसतं ‘बघितलं’ मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. “थंड हाय. पण जीव हाय त्यात. किती जपून वाढवलात हो.”

अप्पांनी स्पंज परत ठेवला, म्हणजे ठेवण्याआधी पाण्यात उलटा धरून कितीतरी वेळ हलकेच हलवत राहिले. दोन-तीन बुडबुडे निघाले. मग काकूंचा हात टॉवेलनं पुसला. मला जिन्यापर्यंत सोडायला आल्यासारखे आले आणि म्हणाले, “तिला सांगायचं न्हाई.”

“जगेल ना, अप्पा?”

“बगू.”

सोमवारी काही दिसलं नाही. मी खुशीत कॉलेजला गेले. मंगळवारी दोघं परभणीला होते. बुधवारी सकाळी अप्पांनी मला टॉर्च दिला आणि बोटानं दाखवलं. वरच्या भोकाच्या बाजूला साबुदाण्याएवढा पांढरा डाग होता. संध्याकाळी तो वाटाण्याएवढा झाला आणि त्याच्यावर कोळिष्टकासारखं काहीतरी तरंगायला लागलं. अप्पांनी नवं ब्लेड मोडलं आणि हात पाण्यात घालून तेवढा भाग कापून काढला, सिरिंजनं ओढून घेतला. त्यांचे हात लॅबमधल्यासारखे स्थिर होते. कापलेल्या जागी आतलं दिसलं. तेही केशरी नव्हतं.

“कसंय ते?” काकू रोज सकाळी विचारायच्या. पूजेआधी.

“हाय की.”

“कॉलेजात जायाचं म्हणून फुगलं आसंल.”

गुरुवारी नीलम मॅडम टाकी हलवायचं ठरवायला आल्या. अप्पांनी त्यांना खोलीच्या दारातच सांगितलं. “मॅडम, त्याला हवा लागली. माझ्या हातून झालं.”

मॅडमनी टॉर्च मारून बघितलं. त्यांनाही कळलं. “अप्पा, हा आजच बाहेर काढा,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “बाकीचं सगळं चांगलं आहे. मासे, कोळंबी, दगड. शनिवारी मी नेते ना. पण हा आत राहिला तर...”

“म्हाईत हाय मला.”

“मग?”

“खालचा कोपरा अजून केशरी हाय. उद्या परभणीहून आलो की काढतो.”

मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. मी, जिला सगळ्यांना पटवता येत होतं, मी वहीची पानं चाळत बसले. आपण एकदा बोललो त्याचं काय झालं ते मी बघितलं होतं. आता तोंड उघडायची भीती वाटत होती. खरं तर बोलायची वेळ हीच होती.

शुक्रवारी दहाला लाईट गेली. कुठंतरी मोठा बिघाड होता, संध्याकाळपर्यंत येणार नाही असं कडूबाई सांगून गेल्या. त्या शेजारच्या, गल्लीतली बातमी त्यांच्याकडं आधी येते. इन्व्हर्टर दोन तास चालला. मग मी प्लास्टिकचा मग घेतला. आई आली, तिनंही केलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. टाकीच्या काचेला हात लावला तर कोमट लागत होती. ओली फडकी लावली. अडीचच्या सुमाराला पाणी त्यात थेंबभर ताक पडावं तसं पांढुरकं दिसायला लागलं. मासे वर आले आणि तोंडं पाण्याबाहेर काढून उघडझाप करायला लागले. वास यायला लागला. गटाराचाही नाही, माशाचाही नाही. मी तसा वास आधी कधी घेतला नव्हता.

मी अप्पांना फोन लावला.

“हळू बोल,” ते म्हणाले. “तिची मशीन चालू हाय. डोळा लागलाय तिचा.”

“अप्पा, मासे वर आलेत. पाणी पांढरं झालंय. त्याला काढू का?”

फोनवर त्या मशीनचा आवाज येत होता, टिक... टिक...

“काढ,” अप्पा म्हणाले. आणि मी फोन ठेवायच्या आत, “राजे... मगात घे त्याला. पाण्यासकट काढ.”

“अप्पा, तो तर...”

“मेलेला असला तरी. पाण्यासकट.”

मी मग बुडवून त्याच्या खाली नेला. बोट लागताच तो विरघळला. उकडलेल्या बटाट्यासारखा नाही, त्याहून मऊ; त्याचा गाळच झाला आणि पाण्यात पसरला. हातात चपटा दगड राहिला. त्याच्या कडेला नखाएवढा केशरी तुकडा होता, तो मी पाण्यासकट मगात घेतला आणि सावलीत ठेवला. साडेतीनला पहिला मासा आडवा झाला, चारला कोळंबी. साडेचारला दुसरा मासा. लाईट पाच वाजून दहा मिनिटांनी आली आणि पंप एकदम जोरात सुरू झाले.

दिवेलागणीला दोघं आले. काकू उंबऱ्याशीच थांबल्या. अप्पांनी धरलेला हात त्यांनी सोडवून घेतला.

“पाणी बदलायलोय टाकीचं,” अप्पा आधीच म्हणाले.

काकू आत जाऊन बसल्या. मी त्यांना पाणी दिलं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. “राजे, माझ्या हातानं गेलं न्हवं ते?”

मी दाराकडं, अप्पांकडं बघितलं.

“लाईट गेलती,” अप्पा दारातून म्हणाले. “सात तास.”

“लाईट नऊ वर्सांत किती येळा गेली. आन् वास मला बुधवारपासून यायलाय. डोळे गेले माझे, नाक न्हाई.”

अप्पा आत येऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

“मग त्या दिशी बोलला का न्हाईत?” काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. “नऊ वर्सं समद्यांवर वरडलात. ह्या पोरीवर वरडता. मलाच तेवढं का वरडला न्हाईत?”

“तुझा हात वर गेलता,” अप्पा म्हणाले. “ववठ हालायले होते. कसं बोलणार?”

काकूंनी पाण्याचा पेला खाली ठेवला, जमीन चाचपून, नीट. मग बराच वेळ त्या आपला डावा तळहात उजव्या हाताच्या अंगठ्यानं चोळत बसल्या.

शनिवारी सकाळी मी खाली गेले तेव्हा त्यांची पूजा चालली होती. मी दारातच थांबले. विभूती लावून झाली, लिंग तळहातावर आलं, पाणी घातलं, बेल ठेवला. हात उचलला आणि छातीपर्यंत येऊन तो थांबला. तिथंच राहिला. काकूंनी मान खाली घातली आणि तिथंच बघितलं.

दिवसभर आम्ही टाकी उपसली. खारं पाणी जमिनीवर ओतता येत नाही, तिथं मग काही उगवत नाही. आणि मागच्या वाफ्यात काकूंचं बेलाचं रोप होतं, शेजारी कडूबाईंची मेथी. म्हणून प्रत्येक बादली रस्त्याच्या कडेच्या नालीपर्यंत न्यायची. मी दोन्ही हातांत एकेक नेत होते, अप्पा एकच, पण थांबत नव्हते. मगातला तुकडाही पांढरा झाला होता. तो अप्पांनी स्वतः नेला आणि कुठं टाकला ते मी बघितलं नाही.

“काय धुवायलेत एवढं?” कडूबाईंनी विचारलं.

“टाकी.”

“मंग ती काचंची पेटी ठिवणार का मोडणार? मला कोंबडीच्या पिल्लांला चांगली होईल बगा. मांजर लय त्रास द्यायलंय.”

मला त्यांच्या अंगावर बादली ओतावीशी वाटली. अप्पा म्हणाले, “घेऊन जा. तळाला कापड टाका पण. पिल्लांचे पाय सटकतेल.”

नीलम मॅडम आल्या होत्या, रिकाम्या हातांनी परत जाणार होत्या. अप्पांनी त्यांना मीठ मोजायची नळी दिली, पंप दिले, उरलेलं अर्धं पोतं मीठ दिलं. वही मात्र मला दिलेली होती ती त्यांनी परत मागितली नाही, आणि मीही दिली नाही. तिच्यात पहिल्या पानावर मी तारीख टाकलेली होती, कालच्या शुक्रवारची. पुढं काही नव्हतं.

रविवारी सकाळी राजशेखर गाडी घेऊन आला. त्यानं भराभर सामान भरलं. उन्हाच्या आत निघायचं होतं. समोरची खोली एवढी मोठी होती हे मला तोवर माहीतच नव्हतं. मधोमध फरशीवर टाकीच्या आकाराचा पांढुरका चौकोन उरला होता. आईनं दोनदा पुसला तरी वाळला की परत दिसत होता.

“अम्मा, चल,” राजशेखर बाहेरून म्हणाला.

काकू आतल्या दारातून आल्या. मी हात धरायला पुढं झाले तर म्हणाल्या, “नको गं. माझ्या घरात मला कशाला धरायलीस.” आणि त्या एकट्याच निघाल्या. चार पावलं सरळ आल्या, मग डावीकडं वळल्या, एक हात किंचित पुढं धरून रिकाम्या जागेला वळसा घातला, परत उजवीकडं आल्या आणि नेमक्या उंबऱ्याशी पोचल्या.

त्यांच्या मागून अप्पा आले. दोन्ही हातांत पिशव्या होत्या. त्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं. तेही वळले.